अचूक नको, आधी स्थिर हवा

घरी एखादं मोजमापाचं यंत्र बनवायचं म्हटलं की बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात, डिस्प्ले कोणता लावणार? दुसरा प्रश्न, किती आकडी? माझं मत असं आहे की हे दोन्ही प्रश्न शेवटी विचारायचे. यंत्र काय दाखवतं याच्या आधी ते काय धरून ठेवतं हे पाहावं. छोटे रोध मोजणारा घरगुती टेस्टर करायचा असेल, तर त्यातली जी गोष्ट हलता कामा नये ती म्हणजे त्यातून जाणारी विद्युतधारा. ती स्थिर असली की बाकीचं निम्मं काम आपोआप होतं. ती डळमळीत असली तर सहा आकडी डिस्प्लेही सहा आकड्यांत थाप मारतो.

मी शास्त्र शाखेचा माणूस नाही. बी.ए. केलं, तेही मराठी माध्यमातून, आणि आयुष्यभर शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. इलेक्ट्रॉनिक्सचा नाद रेडिओपायी लागला आणि निवृत्तीनंतर तो वाढत गेला. त्यामुळे पुढे जे लिहितोय ते इंजिनिअर मंडळींना बाळबोध वाटेल. वाटू द्या. ज्यांना 'हे आपल्या वाट्याचं नाही' असं शाळेतच सांगण्यात आलं, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

ओहमचा नियम सगळ्यांना पाठ असतो. विभवांतर बरोबर विद्युतधारा गुणिले रोध. पण हे वाक्य नीट वाचलं तर त्यात एक सोय दडलेली आहे. विद्युतधारा एका आकड्यावर बांधून टाकली, की विभवांतर हाच रोध होतो. समजा मी १०० मिलिअँपिअरची धारा कायम ठेवली. मग १ ओहमवर १०० मिलिव्होल्ट पडणार, अर्ध्या ओहमवर ५० पडणार. साधा साडेतीन आकडी मल्टिमीटर २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर ०.१ मिलिव्होल्टपर्यंत दाखवतो. म्हणजे त्याच स्वस्त मीटरवर मला एक हजारांश ओहमपर्यंतचा रोध वाचता येतो. तोच मीटर त्याच्या स्वतःच्या ओहमच्या सगळ्यात खालच्या, २०० ओहमच्या रेंजवर ०.१ ओहमच्या खाली जात नाही. त्यातही त्याच्या दोन प्रोबच्या वायरींचाच रोध दोन-तीन दशांश ओहम भरतो आणि प्रोब जरा दाबून धरली की आकडा बदलतो.

वायरींच्या या लुडबुडीवरचा उपाय जुना आणि फार सुंदर आहे. धारा न्यायच्या दोन वायरी वेगळ्या आणि व्होल्टेज वाचायच्या दोन वेगळ्या. वाचणाऱ्या वायरींतून धारा जवळजवळ जातच नाही, मग त्यांचा रोध असला काय आणि नसला काय! धारेच्या वायरींवर जे व्होल्टेज पडतं ते वाचणाऱ्या वायरींच्या बाहेर राहतं. या चार वायरींच्या पद्धतीला केल्विनचं नाव आहे. मला यात पंचायतीचं तत्त्व दिसतं: ओझं वाहणारा वेगळा, साक्ष देणारा वेगळा. हे तत्त्व पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून आत्ताच लक्षात ठेवा.

इतके छोटे रोध मोजायची सामान्य माणसाला गरज काय, असं कुणी विचारेल. आमच्या अकोल्याकडे या, सांगतो. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतकरी विहिरीवरची मोटर बंद पडली की त्याच्याकडे येतात. तीन फेजची पाच हॉर्सपॉवरची मोटर आठ अँपिअरच्या आसपास धारा घेते. आता विहिरीच्या तोंडाशी केबलला जोड आहे आणि त्या जोडात फक्त ०.१५ ओहमचा रोध तयार झालाय असं समजा. आठचा वर्ग गुणिले ०.१५, म्हणजे जवळपास १० वॉट. टेपमध्ये गुंडाळलेल्या, उन्हात पडलेल्या एका जोडात १० वॉटची उष्णता! आपलं नेहमीचं छोटं सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं असतं, त्यावरून अंदाज करा. जोड तापतो, तापला की आणखी बिघडतो, एक फेज कमजोर पडते आणि दोष मात्र मोटरवर येतो.

असंच एक प्रकरण त्याच्याकडे आलं होतं. 'सर, मीटर त तिन्हीकडं सारखंच दाखवते,' असं तो म्हणाला. खरंच, शेवटचा आकडा नाचत होता आणि ४.१, ४.२ च्या आसपास तिन्ही जोड्या दिसत होत्या. माझ्या टेस्टरवर केबलच्या टोकाकडून मोजलं तर एक जोडी ३.८६ ओहम आणि उरलेल्या दोन ४.०१. ज्या दोन जोड्यांत रोध जास्त, त्या दोन्हींत एक वायर सामाईक होती. जोड तिच्यावरचाच. तो कापून नवा केला, मोटर उघडावी लागली नाही. शेतकऱ्याचा रिवाइंडिंगचा खर्च वाचला आणि ऐन पाण्याच्या दिवसांतले चार दिवस वाचले. या टेस्टरनं सगळं कळतं असं मात्र नाही. वाइंडिंगचे एक-दोनच वेढे आपसात चिकटले असतील तर रोधातला फरक फारच थोडा पडतो, तो दिसेलच असं नाही. आणि वाइंडिंगचं इन्सुलेशन बॉडीला गळतंय का, यासाठी मेगरच लागतो. प्रत्येक हत्याराचं गाव ठरलेलं असतं.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ही स्थिर धारा आणायची कुठून?

सगळ्यात सोपं उत्तर म्हणजे एलएम ३१७. १९७० च्या दशकातला हा तीन पायांचा रेग्युलेटर अजूनही कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. तो आपल्या दोन पायांमध्ये सुमारे १.२५ व्होल्ट कायम राखतो. मध्ये १२.५ ओहमचा रोध घातला की झाली १०० मिलिअँपिअरची धारा. एक आयसी, एक रेझिस्टर, संपलं काम. बॅटरी चार्ज करायला किंवा एलईडी पेटवायला हे उत्तम. पण मोजायला मी हे वापरत नाही, आणि का वापरत नाही हे सांगणं हाच या लेखाचा गाभा आहे.

१२ व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरवर हे सर्किट चालवलं तर सुमारे साडेदहा व्होल्ट त्या ३१७ वरच पडतात. म्हणजे एक वॉटहून थोडी जास्त उष्णता. हीटसिंक नसेल तर आतला तुकडा पन्नासेक अंशांनी तापतो. आणि १.२५ व्होल्टचं जे माप आहे, तेसुद्धा त्याच तुकड्यात बसलेलं आहे. तापमानाच्या पूर्ण टप्प्यात ते सुमारे एक टक्का हलतं, असं त्याची डेटाशीटच सांगते. म्हणजे चालू केल्यावर पहिली काही मिनिटं आकडा सरकत राहतो. त्यात मोजायचा रोध बदलला की ३१७ वरचं व्होल्टेज बदलतं, त्याचं तापणं बदलतं आणि मापही बदलतं. जो घाम गाळतोय त्याच्याच हातात तराजू दिला, तर तराजू हलणारच. त्यात त्याचा दोष नाही, आपण कामाची वाटणी चुकीची केली.

म्हणून माझ्या टेस्टरमध्ये तीन कामं तीन जणांना दिली आहेत. माप सांगतो टीएल ४३१. हा २.४९५ व्होल्टचा संदर्भ देणारा तीन पायांचा छोटासा आयसी. त्याला जगायला किमान एक मिलिअँपिअर लागतो, मी दोन देतो. तो एका कोपऱ्यात गार बसून राहतो. त्याच्या २.४९५ मधून दोन रेझिस्टर आणि एक मल्टिटर्न प्रीसेट लावून १ व्होल्ट काढून घेतला. तुलना करतो ऑपॲम्प, साधा एलएम ३५८. त्याच्या एका कानात हा १ व्होल्ट आणि दुसऱ्या कानात १० ओहमच्या रोधावर प्रत्यक्ष पडलेलं व्होल्टेज. दोन्ही सारखे होईपर्यंत तो तिसऱ्याला कमी-जास्त करायला सांगत राहतो. हा तिसरा म्हणजे अंगमेहनतीचं काम करणारा मॉसफेट, आयआरएफ ५४०. त्याला छोटा हीटसिंक लावून बोर्डाच्या पार दुसऱ्या टोकाला बसवला. तो कितीही तापला तरी माप हलत नाही, कारण मापाशी त्याचा संबंधच ठेवलेला नाही. १ व्होल्ट भागिले १० ओहम, म्हणजे १०० मिलिअँपिअर.

मॉसफेटच का, साधा ट्रान्झिस्टर का नाही? इथे एक गंमत आहे. ट्रान्झिस्टरला चालवायला त्याच्या बेसमध्ये थोडी धारा द्यावी लागते. ती धारा खालच्या १० ओहमातून जाते, पण वरच्या, मोजायच्या वस्तूतून जात नाही. म्हणजे आपण खाली जी धारा मोजून खूश होतो, तिच्यात दलाली मिसळलेली असते. ट्रान्झिस्टरची वाढ शंभरपट असेल तर ही दलाली एक टक्का, आणि तीही तापमानाबरोबर बदलणारी. मॉसफेटच्या गेटला धारा लागत नाही, मग खालची आणि वरची धारा एकच. मात्र त्या गेटचा कपॅसिटन्स बराच असतो आणि त्यामुळे ऑपॲम्प कधी कधी बावचळून थरथरू लागतो. गेटशी शंभर ओहमचा रेझिस्टर आणि ऑपॲम्पच्या आउटपुटपासून उलट्या इनपुटकडे एक छोटा कपॅसिटर, एवढ्यानं त्याला शांत करता येतं. फक्त त्या इनपुटला येणाऱ्या वायरीतही एखादा किलोओहम टाकावा, नाहीतर कपॅसिटरला पकड मिळत नाही.

तो १० ओहमचा रोध म्हणजे या घरातली आजी. ती बोलत नाही, पण तिच्यावर सगळं चालतं. तो मी एकच मोठा न घेता १०० ओहमचे एक टक्कावाले दहा मेटल फिल्म रेझिस्टर समांतर जोडून केला. एकेकातून १० मिलिअँपिअर, एकेकात फक्त १० मिलिवॉट. पाव वॉटच्या रेझिस्टरला एवढं म्हणजे काहीच नाही, तो तापतच नाही. शिवाय दहांपैकी काही थोडे वर, काही थोडे खाली असतील तर सरासरीत चुका काही प्रमाणात एकमेकींना खातात. अर्थात दहाही जण एकाच दिशेला झुकलेले असतील तर सरासरीही तिकडेच झुकते. शाळेच्या स्टाफरूममध्ये तीस-पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला हे निराळं सांगायला नको.

१ व्होल्टच का निवडला, तेही सांगतो. एलएम ३५८ च्या दोन कानांत मुळातच थोडा फरक असतो. बहुधा २ मिलिव्होल्ट, पण जास्तीत जास्त ७ पर्यंत. मी माप ०.१ व्होल्टवर ठेवलं असतं तर २ मिलिव्होल्टची चूक दोन टक्के झाली असती. १ व्होल्टवर ती ०.२ टक्के होते. मग ५ व्होल्ट का नाही? कारण तेवढं व्होल्टेज तिथंच खर्ची पडलं तर मोजायच्या वस्तूसाठी थोडं उरतं, आणि रेझिस्टर तापायला लागतात ते वेगळंच. मधला मार्ग बरा. आणि गंमत म्हणजे तो २ मिलिव्होल्टचा फरक मला त्रास देतच नाही. प्रीसेट फिरवून एकदा जुळवला की तो गेला. त्रास देतो तो फरकातला बदल, आणि तो आहे एका अंशाला साधारण ७ मायक्रोव्होल्ट. २० अंश तापमान बदललं तरी १ व्होल्टच्या मानानं ०.०१४ टक्के. याची काळजी करायची गरज नाही.

हे 'बहुधा' आणि 'जास्तीत जास्त' मला डेटाशीटनं शिकवलं. मराठी माध्यमातल्या मुलांना डेटाशीटची भीती वाटते, कारण ती इंग्रजीत असते. मी सांगतो, तिच्यात इंग्रजी फार थोडं असतं. दोन-तीनशे शब्द ओळखीचे झाले की उरतात ते तक्ते आणि आलेख. त्या तक्त्यात तीन रकाने असतात: मिनिमम, टिपिकल, मॅक्सिमम. नवखा माणूस मधला रकाना वाचतो आणि खूश होतो. जाणता माणूस कडेचे दोन वाचतो. वर्गातला सर्वसाधारण मुलगा कोणाच्याही शिकवण्यानं शिकतो, शिक्षकाची परीक्षा कडेला बसलेल्या मुलावर होते. सर्किटचंही तसंच. टिपिकलवर बांधलेलं सर्किट एकदा चालतं. मॅक्सिमम धरून बांधलेलं सर्किट शेजाऱ्यानं बनवलं तरी चालतं.

त्याच तक्त्याच्या डोक्यावर लिहिलेलं असतं, तापमान २५ अंश. आता अकोल्यात मे महिन्यात दुपारी बाहेर ४४ अंश असताना आमच्या पत्र्याच्या खोलीत २५ अंश कुठून आणायचे? म्हणून मी प्रत्येक भागाचा २० अंशांचा हिशेब मांडून ठेवला. मेटल फिल्म रेझिस्टर एका अंशाला दहा लाखांत ५० ते १०० भाग हलतो, म्हणजे २० अंशांना ०.१ ते ०.२ टक्के. टीएल ४३१ चे काही मिलिव्होल्ट, म्हणजे पुन्हा टक्क्याचा एखादा-दुसरा दशांश. सगळं मिळून अर्ध्या टक्क्याच्या आत. याच्या उलट तांब्याची तार घ्या. तिचा रोध एका अंशाला जवळपास ०.३९ टक्के वाढतो. म्हणजे २० अंशांवर मोजलेलं वाइंडिंग ४५ अंशांवर मोजलं तर सुमारे १० टक्के जास्त दाखवणार, आणि ते खरंच जास्त असणार! टेस्टर अर्ध्या टक्क्यात आहे म्हणून मिरवण्याआधी मोटरचं तापमान लिहून ठेवावं, हे शहाणपणाचं.

आणखी दोन व्यावहारिक गोष्टी. मोजायची वस्तू जोडलेली नसते तेव्हा ऑपॲम्प बिचारा धारा आणण्यासाठी मॉसफेट पूर्ण उघडून बसतो. अशा वेळी वस्तू जोडली की क्षणभर १०० मिलिअँपिअरच्या कितीतरी पट धारा धावते. म्हणून संदर्भाच्या १ व्होल्टवरच एक पुश बटण ठेवलं. बटण दाबलं नाही तर संदर्भ शून्य, धाराही जवळपास शून्य. आधी वस्तू जोडायची, मग बटण दाबायचं. दुसरी गोष्ट, मोटरच्या वाइंडिंगमधली धारा एकदम तोडली की ते उलट झटका देतं. तो गिळायला वस्तूच्या दोन टोकांवर एक डायोड उलटा लावून ठेवला आहे. स्वस्तातलं शहाणपण.

इथे मला एका मास्तराची गोष्ट सांगायची आहे. गेओर्ग ओहम हा जर्मनीतल्या कोलोन शहरातल्या शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान शिकवणारा शिक्षक होता. त्याचा बाप कुलपं करणारा कारागीर, पण स्वतः शिकून मुलांना शिकवलेला. शाळेच्या साहित्यावर ओहमनं प्रयोग सुरू केले तेव्हा विजेचा स्रोत म्हणजे व्होल्टाची चळत. ती सुरू केल्यावर तिचा जोर उतरत जायचा. १८२५ मध्ये त्यानं जे सूत्र मांडलं ते आज आपण शिकतो ते नव्हतंच. तेव्हा पोगेनडॉर्फ या संपादकानं त्याला सुचवलं की चळत सोडा आणि झेबेकनं १८२१ मध्ये शोधलेला परिणाम वापरा: दोन धातूंचे सांधे, एक गरम, एक थंड. ओहमनं तांबं आणि बिस्मथ जोडलं, एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला. पाणी उकळतं तोवर आणि बर्फ वितळतं तोवर तापमान हलत नाही, त्यामुळे विजेचा जोरही हलत नाही. १८२६ मध्ये त्याचे आकडे सरळ झाले आणि १८२७ मध्ये पुस्तक आलं. त्याचं स्वागत थंडच झालं, त्यानं कोलोनची नोकरी सोडली. लंडनच्या रॉयल सोसायटीनं कोपली पदक दिलं ते १८४१ मध्ये.

या गोष्टीत मला भावतं ते असं. निसर्गाचा इतका मोठा नियम सापडायला अडसर कशाचा होता, तर डळमळीत स्रोताचा. बुद्धी तीच, माणूस तोच, तारा त्याच प्रकारच्या. स्रोत स्थिर झाला आणि नियम दिसला.

आणि योगायोग पाहा, ज्या परिणामानं ओहमला तारलं तोच आपल्या टेस्टरमध्ये खोड्या काढतो. क्लिप एका धातूची, वस्तू दुसऱ्या धातूची, मध्ये सोल्डर, आणि एक टोक हाताच्या उबेनं गरम. लगेच काही मायक्रोव्होल्ट तयार. १०० मिलिअँपिअरवर १ मिलिओहम म्हणजे फक्त १०० मायक्रोव्होल्ट, त्यात हे पाहुणे आले की गोंधळ. उपाय सोपा: बटण न दाबता एकदा वाचायचं, दाबून एकदा वाचायचं, आणि वजाबाकी करायची. वस्तूला हात लावला असेल तर दोन मिनिटं थांबायचं. ०.१ मिलिव्होल्टपर्यंतच दाखवणारा मीटर असेल तर यातलं बरंचसं त्याला दिसतही नाही, पण चांगला मीटर हाती आला की ही सवय कामी येते.

आता शीर्षकाकडे. लोक विचारतात, तुमचे १०० मिलिअँपिअर खरोखरच १०० आहेत कशावरून? अँपिअर म्हणजे नेमकं किती, याची व्याख्या जगानंच बदलत नेली आहे. एके काळी ती चांदीवर होती: सेकंदाला ०.००१११८ ग्रॅम चांदी जमवणारी धारा. १९४८ पासून ती दोन समांतर तारांमधल्या बलावर आली. २० मे २०१९ पासून ती इलेक्ट्रॉनच्या भारावर बसवली आहे. ती खरी पट्टी आपल्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी असते, माझ्या टेबलावर नाही. पण मला तिची गरज फार थोडी पडते. माझ्याकडे ०.१ टक्क्याचा १ ओहमचा एक रेझिस्टर आहे. आधी तो मोजायचा, लगेच त्याच रेंजवर अनोळखी वस्तू मोजायची, आणि एकाला दुसऱ्यानं भागायचं. मीटर अर्धा टक्का जास्त दाखवत असेल तर दोन्हीकडे जास्त दाखवतो, भागाकारात ते जातं. माझी धारा १०० ऐवजी ९९ असेल तर दोन्हीकडे ९९ च असते, तीही जाते. अट एकच: या दोन वाचनांच्या मध्ये ती हलता कामा नये. मोटरच्या तीन फेज एकमेकींशी ताडून पाहायच्या तर तो १ ओहमचा रेझिस्टरही लागत नाही.

म्हणून मी म्हणतो, अचूकपणाच्या मागे लागू नका, आधी स्थिरपणा मिळवा. स्थिर चूक दुरुस्त करता येते, वजा करता येते, भागून टाकता येते. हलणाऱ्या चुकीचं कुणी काही करू शकत नाही. अचूकपणा पैसे देऊन उसना आणता येतो, एक चांगला रेझिस्टर घेतला की झालं. स्थिरपणा मात्र मांडणीतून येतो: कोण तापतो, कोण मोजतो, कुणाला कुणापासून दूर बसवायचं, या विचारातून.

आणि इथेच माझी शाळांबद्दलची तक्रार आहे. ओहमच्या नियमाचा प्रयोग मी अनेक ठिकाणी होताना पाहिला. सेल जुने, कळ दाबलेली तशीच, तार तापतेय, सेल उतरतोय, आलेखावरचे बिंदू रेषेला सोडून पळताहेत. मग मुलांना काय सांगितलं जातं? रीडिंग जुळवून लिहा. मुलं आधी रेषा मारतात, मग रेषेवरून आकडे काढतात आणि जर्नल सहीला जातं. त्या मुलांना वाटतं, नियम खरा आहे पण जग थोडं खोटं आहे आणि ते आपण नीट करून लिहायचं असतं. ओहमसमोरही नेमका हाच पेच होता. त्याची चळत उतरत होती. त्यानं रीडिंग जुळवलं नाही, स्रोत बदलला. त्याच्या नावाच्या प्रयोगात आपण मुलांना बरोबर उलटं शिकवतो, याचं मला वाईट वाटतं.

माझी सूचना साधी आहे. माध्यमिक शाळेतल्या चार-पाच मुलांच्या गटाला एकदा ही स्थिर धारा स्वतः बनवू द्या. एक टीएल ४३१, एक ३५८, एक मॉसफेट, मूठभर रेझिस्टर, एक प्रीसेट. कुठल्याही मोठ्या यंत्राच्या मानानं खर्च किरकोळ आहे. आधी ३१७ वर करू द्या आणि आकडा कसा सरकतो ते बघत बसू द्या. मॉसफेटला बोट लावू द्या, मग दहा रेझिस्टरांना लावू द्या, एक गरम आणि दुसरे गार का ते त्यांनाच विचारा. मग ओहमचा प्रयोग करा. बिंदू रेषेवर येतील, न जुळवता. आणि एखादा नाही आला, तर तो का आला नाही हे शोधायला मुलांना कारण मिळेल. तो शोध मला तरी त्या रेषेपेक्षा मोलाचा वाटतो.

हे शिकवायला शास्त्राचाच शिक्षक हवा असंही नाही. भाषेचा मास्तरही करू शकतो, वाक्य नीट वाचता आलं म्हणजे झालं. ओहमचा नियम हे शेवटी तीन शब्दांचं वाक्य आहे. त्यातला एक शब्द धरून ठेवला की उरलेले दोन एकमेकांचा अर्थ सांगू लागतात.

तुमच्यापैकी कुणी शाळेत असाल आणि करून पाहावंसं वाटलं तर जरूर करा. जोड मात्र पक्के करा. तो ०.१५ ओहम विसरू नका.